आईनं माझी कथा वाचली तेव्हा

माझी ती कथा दिवाळी अंकात छापून आली तेव्हा आईला अंथरुणाला खिळून चौदा महिने झाले होते. लकव्यानं तिची डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण डोकं अगदी स्वच्छ होतं. एकतीस वर्षं तिनं हायवेवरच्या जाम गावाच्या पुढच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून काढली होती. आजूबाजूच्या सहा-सात गावांत तिला सगळे नर्सबाईच म्हणायचे. निवृत्तीनंतर तिनं वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत तीन खोल्यांचं घर बांधलं आणि मी तिच्याजवळ राहायला आले. माझं लग्न टिकलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. पुलगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायचे आणि वर्षाला एक-दोन कथा लिहायचे. एकुलता भाऊ पुण्यात. तो रविवारी फोन करायचा.

आईला सांभाळायला दिवसभर एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या, गोंड समाजाच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. लेकीशी फोनवर बोलताना त्या गोंडीत बोलत, आमच्याशी आमच्यासारखं. सकाळी आठला यायच्या आणि मी कॉलेजातून परत आले की जायच्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आई माझ्या हाती असायची. तिचं जेवण, औषधं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, सगळं मीच करायचे.

कथा अशी होती. एक मुलगी आणि तिची अंथरुणावर पडलेली आई. दोघीच घरात. आईच्या पाठीला जखमा झालेल्या, मुलीची उमेद संपलेली. शेवटच्या प्रसंगात मुलगी दूध गरम करते, साखर घालते, चमच्यानं आईला पाजते. सकाळी खिडकीतून ऊन आत आलेलं असतं आणि आईचा चेहरा मोकळा झालेला असतो. बस. दुधात काही होतं की नव्हतं हे मी लिहिलं नव्हतं. मुद्दामच लिहिलं नव्हतं. तो शेवट लोकांना फार आवडला. वर्ध्याला एका छोट्या कार्यक्रमात एक निवृत्त प्राध्यापक माझ्या कथेवर वीस मिनिटं बोलले. मराठी लघुकथेत मरण शिक्षा म्हणून येतं, शोकांतिका म्हणून येतं, पण इथं ते मुक्ती म्हणून येतं, असं काहीसं ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते आणि मला बरं वाटत होतं.

त्या कथेतल्या आईला मी माझ्या आईचा वाकडा हात दिला होता. तिची पांढरी वेणीही दिली होती, आणि जेवताना उजव्या हातानं गळ्याखालचा टॉवेल सारखा करण्याची तिची सवयसुद्धा. आईला मी हे सांगितलं नाही. अंकाच्या प्रती कॉलेजच्या कपाटात ठेवल्या. ती तशीही कथा वाचणाऱ्यांतली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते.

जानेवारीत आईचं जेवण कमी झालं. सुरुवातीला मला वाटलं, पोट बिघडलं असेल. संध्याकाळी मी वरणभात कालवून घास पुढं केला की ती तोंड मिटून घ्यायची. दोन घास कसेबसे घ्यायची, तेही माझ्याकडं बघत बघत. पाणी तर मागायचीच नाही. तिच्या उशाशी एक बाटली असायची, मावशी जाताना भरून ठेवायच्या. त्यातलंच ती नळीनं प्यायची. मी काय दुखतंय विचारलं की मान हलवायची. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. ते म्हणाले, या वयात भूक मंदावते.

मग एका रविवारी मी उशीची खोळ बदलायला काढली तर आतून गोळ्या सांडल्या. पांढऱ्या, लहान, कडा विरघळून खडबडीत झालेल्या. झोपेच्या गोळ्या होत्या. रोज रात्री मी एक तिच्या जिभेवर ठेवत होते आणि ती गालात धरून नंतर काढून ठेवत होती. बऱ्याच होत्या. मी त्या ओंजळीत घेऊन न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. पालथ्या बादलीवर बसून मी त्या मोजायला लागले. आई नर्स होती. कोणती गोळी काय करते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती गोळ्या जमवत होती.

त्याच दिवशी मी घरातली सगळी औषधं गोळा केली, माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आई पलंगावरून ते बघत होती. तिच्या डोळ्यांत काय आहे ते मी पाहिलं नाही, कारण मी तिच्याकडं बघतच नव्हते.

दोन दिवसांनी गादी उलटताना अंक सापडला. संपादकांनी भेट म्हणून आणखी एक प्रत घरच्या पत्त्यावर पाठवली होती, मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या कथेची पानं मऊ पडली होती. शेवटच्या पानावर बॉलपेननं एक वाकडीतिकडी रेघ होती, उजव्या हातानं पडल्या पडल्या ओढलेली. दुधाच्या परिच्छेदाशेजारी.

तेव्हा मला वाटलं, सगळं कळलं. आईनं कथा वाचली होती. लेकीला काय हवंय ते तिला समजलं होतं आणि ती ते द्यायला निघाली होती. जेवण सोडून, गोळ्या साठवून. मी तिला मरायचा रस्ता छापील अक्षरांत दाखवला होता आणि वर कुणी त्याला मुक्ती म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते नीटसं आठवत नाही. भीती मात्र आठवते. सकाळी स्कूटी स्टेशनवर लावून गाडीत बसले की वर्धा मागं पडता पडताच मी पहिला फोन लावायचे. प्रत्येक तास संपला की मी वर्गाबाहेर येऊन मावशींना फोन करायचे. आई काय करते, जेवली का, पलंगाजवळ काही आहे का. मावशी तुटक उत्तरं द्यायच्या. उलट त्याच मला विचारायच्या, काल रात्री काय खाऊ घातलं, किती वाजता दिलं, कोणती गोळी दिली. किती जीव लावून काम करतात, असं मला वाटायचं. संध्याकाळी मी आले की त्या लगेच निघायच्या नाहीत. चप्पल घालून उगीच अंगणात रेंगाळायच्या, पुन्हा आत येऊन आईच्या अंगावरची शाल सारखी करायच्या. मी रात्री चार-चारदा उठून आईच्या छातीकडं बघायचे, ती हलते का म्हणून. एकदा वाकले तर तिचे डोळे टक्क उघडे होते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मावशींनी फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा केला, चौथ्यांदा केला. मी बारावीच्या वर्गात होते, नाचणगावच्या मुलींचा एक घोळका पुढच्या बाकांवर बसलेला. त्यांच्यासमोरच मी फोन कानाला लावून उभी होते. कुणीतरी विचारलं, मॅडम, बरं नाही का. मी पुस्तक टेबलावर तसंच टाकून बाहेर पडले. त्या वेळेला गाडी नव्हती. एका सहकाऱ्यानं मोटारसायकलवरून बसस्टँडला सोडलं. देवळीला बस पाच-सात मिनिटं थांबली. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता आणि मी खिडकीची दांडी धरून मनातल्या मनात त्याला हाका मारत होते. आई गेली असेल तर, एवढंच डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग दुसरंही होतं. ती गेली असेल तर लोक ती कथा वाचतील.

घरासमोर रिक्षातून उतरले तेव्हा फाटक उघडं होतं. अंगणात उन्हात आईची चाकांची खुर्ची होती. आई तिच्यात बसली होती. मांडीवर ताट. मावशी समोर पाटावर बसून तिला ज्वारीची भाकर वरणात मोडून भरवत होत्या आणि कुठल्यातरी लग्नाचं सांगत होत्या. आई हसत होती. तोंडातला घास सांभाळत, एका बाजूनं, पण हसत होती. ताट जवळजवळ संपत आलं होतं. फोन आत चार्जिंगला लावलेला होता.

मी फाटकाशी थांबले. आईची नजर माझ्यावर गेली आणि तिचं चावणं बंद झालं. हसू पुसलं गेलं. तिनं उजव्या हातानं मावशींचं मनगट धरलं.

पंधरा दिवस जी भीती मी घेऊन हिंडत होते ती मला तिच्या चेहऱ्यावर दिसली. ओळखायला वेळ लागला नाही. आई मला घाबरत होती.

मी पुढं गेले. मावशी उठून ताट घेऊन आत जायला लागल्या, तर आईनं त्यांचं मनगट सोडलंच नाही.

"तू थांब," ती मावशींना म्हणाली. "जाऊ नोको."

मावशी थांबल्या. मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांनीच मग अडखळत सांगितलं, की पोस्टातून पुस्तक आलं, त्यावर ताईंचं नाव होतं, म्हणून आजींनी वाचून दाखवायला सांगितलं. तीन दुपारी लागल्या. शेवट त्यांनी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं आपलंच वाचायचं चुकलं.

आई माझ्याकडं बघत होती. तिला बोलायला वेळ लागायचा, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा.

"थ्या पोरीनं दुधात काय टाकलं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, काही नाही, आई, नुसतं दूध होतं.

"मंग मेली काऊन?"

सूचकता, मोकळा शेवट, वाचकानं आपापलं समजून घ्यायचं, हे सगळं मी वर्गात शिकवते. त्यातलं एकही वाक्य त्या अंगणात तोंडातून निघेना. मी गोष्ट आहे म्हणाले, खोटी आहे म्हणाले.

"वेणी माही हाये," आई म्हणाली. "हात माहा हाये. मंग दूधच कसं खोटं?"

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं, थांबत थांबत. मावशी मध्ये मध्ये तिच्या ओठाच्या कडेची लाळ पुसत होत्या. कथा ऐकल्यापासून ती माझ्या हातचं खायला घाबरत होती. झोपेची गोळी तिनं थुंकली ती मरायला नाही, जागं राहायला. झोप लागली तर मी काय करीन हे तिला कळलं नसतं. मी औषधं कुलपात घातली तेव्हा तिला खात्रीच झाली. रात्री मी तिच्या तोंडाजवळ वाकायचे, तेव्हा ती श्वास रोखून पडायची. हे तिनं मावशींशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. भावाचा फोन आला की मी शेजारीच असायचे.

मी तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. रडत नव्हते. रडावं असं वाटण्याच्या पलीकडं मी घाबरले होते, आणि आता मला माझीच भीती वाटत होती.

"त्यायनं भासनात म्हटलं म्हने, मरन म्हंजे सुटका," आई म्हणाली. वर्ध्याच्या त्या कार्यक्रमाची बातमी पेपरात आली होती, मावशींनी तीही वाचून दाखवली होती. "मी एकतीस वर्षं मरनं पाह्यले. हायवेवरचे पाह्यले, बाळंतपनातले पाह्यले, म्हातारे पाह्यले. एकानंबी मले म्हटलं नाई का मी सुटून राह्यलो. सारे हात धरत होते. सुटली म्हनते तो दारात उभा राह्यलेला मानूस."

तिनं मावशींकडून दोन घोट पाणी घेतलं. मला वाटलं, संपलं. मग तिनं विचारलं, "तुह्या मनात कधी आलं होतं का? खरं सांगजो."

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. मावशी समोर होत्या, आणि नाही म्हटलं असतं तर आईनं कदाचित मान हलवून ऐकून घेतलं असतं. पण ती मी आणलेल्या ताटाकडं उद्याही तशीच बघत राहिली असती. मी हो म्हणाले. पावसाळ्यात एकदा तिला जुलाब लागले होते, एका संध्याकाळी तिसऱ्यांदा चादर धुताना माझ्या मनात आलं होतं, की आता ही गेली तर बरं. एवढंच आलं होतं, हातानं काही करायचं कधीच नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून मी त्या कथेचं पहिलं पान लिहिलं होतं. हे मी तिला सांगितलं. सांगताना माझा आवाज कुणा तिसऱ्याचाच वाटत होता.

आई ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. ती मला जवळ घेईल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिनं घेतलंही नाही.

"लिहलं मात्र चांगलं," ती शेवटी म्हणाली. "म्हनून तं मी भेली."

त्यानंतर ती एकदम नर्ससारखी बोलायला लागली. तिच्या ड्युटीच्या काळातला तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. औषधं मावशी देतील. रात्रीची गोळी मावशी जायच्या आधी देतील, थोडी लवकर झाली तरी चालेल. संध्याकाळचं जेवणही मावशीच करतील आणि भरवून जातील. कपाटाची किल्ली मावशींकडं राहील. भावाला मी स्वतः फोन करून हे सगळं सांगेन, तिच्यासमोर, फोनचा आवाज मोठा करून. मी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. गळ्यातली साखळी काढून किल्ली मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, ताई." मग आत जाऊन तिघींसाठी चहा ठेवला. माझा कप त्यांनी माझ्या हातात दिला. आईचा त्यांनी स्वतः पाजला.

भावाला फोन केला तो सगळ्यांत अवघड होता. त्यानं आधी मला वेडी म्हटलं, मग आईला. पुढच्या शनिवारी तो आला, दोन दिवस राहिला, आणि जाताना मला म्हणाला की आईला पुण्याला नेऊ का. आईनंच नाही म्हटलं. तिला बोरगाव सोडायचं नव्हतं. बुद्धविहारातल्या बायका गुरुवारी भेटायला यायच्या, तेवढं तिला पुरत होतं. आणि ती म्हणाली, हिच्याजवळच राहीन. भीती वाटते तरी, असं भावानं विचारलं. भीती वाटते तरी, असं ती म्हणाली.

मार्च उलटला. आई झोपायला लागली, अंगावर थोडं मांस आलं. मी तिचे कपडे बदलायचे, केस विंचरायचे, पाठीला पावडर लावायचे. हे तिला चालायचं. खाण्याला मी हात लावायचे नाही. पलंगावरून ती स्वयंपाकघरात बघत असेल तर मी भांड्यावर झाकण ठेवतानासुद्धा बाजूला सरकून उभी राहायचे, तिला माझे दोन्ही हात दिसावेत म्हणून. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. आपोआप होत होतं.

एप्रिलमध्ये मावशींच्या लेकीकडं बाळ झालं आणि चार दिवसांच्या गोळ्या आईच्या उशाशी मोजून ठेवून त्या गेल्या. बदली बाई पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी आलीच नाही. दुपारी एक वाजला. मी खिचडी केली. ताट घेऊन पलंगाजवळ जाऊन उभी राहिले. आई ताटाकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"आधी तू खाय," ती म्हणाली.

मी खाल्ली. त्याच ताटातून, तिच्यासमोर बसून, पाच-सहा घास. आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली. किती वेळ थांबायचं ते ती ठरवत होती. मला माहीत होतं ती काय करते आहे आणि तिलाही माहीत होतं की मला कळतंय. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी भंगार मागत गेलं. खिचडी गार झाली. पाऊण तासानं तिनं मान वळवली आणि तोंड उघडलं.

मी पहिला घास भरवला. अर्धी खिचडी टॉवेलवर सांडली.

"नीट धर," ती म्हणाली. "घाई कायची?"

त्याला आता दीड वर्ष होईल. आई अजून आहे. मावशीही आहेत, किल्ली त्यांच्याकडंच आहे. रविवारी मी आईला भरवते आणि आता ती मला आधी खायला लावत नाही. मी कथा लिहिते, तिला वाचून दाखवते. एका गोष्टीत मी तापानं फणफणलेल्या माणसावर घरच्यांना गोधडी घालायला लावली, तर तिनं मला थांबवून सांगितलं की अशानं ताप वाढतो, ओल्या फडक्यानं पुसायला लाव. मी तसं बदललं. माझ्या कथांत अजून माणसं मरतात. ती कशी मरतात हे ती मला खोदून खोदून विचारते, आणि मी उत्तर तयार ठेवते.

पण ताट घेऊन मी खोलीत शिरते तेव्हा दारापासून पलंगापर्यंतची ती चार पावलं ती माझ्या हातांकडं बघते. सवयीनं बघते की अजूनही भिऊन, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला मला भीती वाटते.